एकाच बाजूनं सुटलेली काच

१

जीप कडुनिंबाला धडकली ती इतकी बेतानं, की मागं बसलेल्या म्हातारीच्या मांडीवरची दुधाची किटलीसुद्धा सांडली नाही. बंपरला वाटीएवढा पोचा आला, खोडाची साल निघाली, एक खाली वाकलेली फांदी समोरच्या काचेवर आपटली आणि आडवं आलेलं वासरू शेपूट वर करून रानात पळालं. माणसं हसतच खाली उतरली. मग कुणीतरी पुढं डोकावलं. भुजंग ड्रायव्हर स्टिअरिंगवर टेकलेला होता आणि त्याच्या गळ्यात काच घुसली होती.

१९७६ सालच्या मार्चातली ही गोष्ट. भुजंगला माती देऊन झाल्यावर ती फुटकी काच जालन्याला परत आली, जिथं ती तयार झाली होती तिथंच, साहेबराव घुग्यांच्या कारखान्यात. पोत्यावर तुकडे पसरून ठेवले होते आणि त्यांच्यासमोर बेबीनंदा साळवे उकिडवी बसली होती.

बेबीनंदा रसायनशास्त्राची बी.एस्सी. गावातल्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. कारखान्यात काही अडलं की साहेबराव तिलाच बोलावणं धाडत, कारण औरंगाबादहून कुणी यायचं म्हणजे आठवडा जाई.

"काच फुटते हो, मॅडम," साहेबराव म्हणाले. "फुटणं काचेचा धर्मच आहे. पण माझी काच उडत नाही. आजवर उडली नव्हती."

ते खरं होतं. साहेबरावांची काच म्हणजे एकाला एक लावलेल्या दोन काचा, आणि मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिराल नावाच्या प्लास्टिकचा पातळ, लवचिक थर. कामगार त्याला नुसता 'पडदा' म्हणत. भट्टीच्या उष्णतेनं आणि दाबानं पडदा दोन्ही काचांना असा धरतो, की दगड बसला तरी तडे जातील पण तुकडा जागचा हलणार नाही. एवढ्याचसाठी तो सगळा खटाटोप.

आणि इथं पडदा शाबूत होता, तरी तुकडे सुटून माणसाच्या गळ्यात गेले होते.

बेबीनंदानं पडद्याला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"तपासू नका, ताई. मी धुतला न्हाई तो."

दारात पुंजाराम उभा होता. पडदे धुणारा, काचेवर नंबर टाकणारा, कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. दाढी वाढलेली, डोळे खाली.

"धुतला नाही म्हणजे?"

"ही‌रीला पानी कमी हाय. तुमीच म्हनल्या व्हत्या ना, वापरलेल्या पान्यात बी चालतं? मंग मी निस्तं बुचकळून काढलं. सोडा तसाच राह्यला असंल. भुजंगला मी मारलं. उद्या दुपारी ठाण्यात जाऊन तसंच लिहून देतो."

बेबीनंदाचा हात पडद्यावर होता तिथंच राहिला.

२

पडद्याची गुंडाळी मुंबईहून येते तेव्हा तिच्यावर खायचा सोडा भुरभुरलेला असतो. नाहीतर थर एकमेकांनाच चिकटून बसतील. काचेत घालण्याआधी तो सोडा धुऊन काढावा लागतो, कारण सोडा राहिला तर पडदा काचेला नीट धरत नाही. फेब्रुवारीत विहीर आटायला लागली तेव्हा साहेबरावांनी विचारलं होतं, तेच पाणी दोन-तीनदा वापरलं तर? आणि बेबीनंदानं उभ्या उभ्या उत्तर दिलं होतं, "सोडा पाण्यात चांगला विरघळतो. काही हरकत नाही."

एवढंच. घाईत होती. तास होता तिचा.

"माणसानं आपल्या तोंडानं कबूल केलंय," पुंजाराम गेल्यावर साहेबराव हळूच म्हणाले. "वाईट वाटतं हो, इतक्या वर्षांचा जुना माणूस आहे. पण तुम्ही शास्त्राप्रमाणं दोन ओळी लिहून दिल्या की मिटलं. तुमच्या पाण्याचा विषय मी काढणार नाही. माझा शब्द."

त्यांनी ते चांगुलपणानंच म्हटलं असावं. बेबीनंदानं मात्र कागद-पेन हातात घेतलं नाही.

"पडदा कुठून आणला होता तुम्ही?" तिनं विचारलं.

"नेहमीच्याच ठिकाणाहून! म्हणजे काय? स्वस्तातलं दुसरंच काही घातलं असं वाटतं तुम्हाला?" साहेबराव ताडकन उठले आणि मग तसेच खाली बसले. "वाटलं तर वाटू द्या. मला स्वतःलाच रात्री वाटतं, व्यापाऱ्यानं फसवलं असेल. मी कुठं उलगडून पाहिलं? तपासा. बिलकुल तपासा."

मागच्या खोलीत कांताबाई होती. धुतलेले पडदे उबदार खोलीत वाळवायचे आणि मग काचांच्या मध्ये अंथरायचे, हे काम तिचं. बेबीनंदाला पाहून तिनं हातातलं फडकं टाकलं.

"जय भीम, ताई. मला न्यायला आल्या का?"

"कुठं न्यायला?"

"ठाण्यात. पुंजारामभाऊ उगंच सोताला खाऊन राह्यले. ओला असंल तो पडदा. त्या दिवशी माझ्या बहिनीला बघायला पाव्हने आल्ते. मी घाईनं उचलला. हाताला कोरडा लागला, पन आत वल असंल तर? आन् भुजंगभाऊ तवा हितंच उभे व्हते. हसून राह्यले व्हते. म्हने, कांताबाई, माझी पोरगी जपून अंथरा बरं."

"पोरगी?"

"कौसल्या. तिचं नाव व्हतं ना काचंवर. सगळेच ड्रायव्हर टाकतात. कुनी देवाचं, कुनी पोराचं." ती पदरानं नाक पुसू लागली. "ओलाच असंल, ताई. लिहा तुमी."

बेबीनंदा बाहेर आली ती गोंधळून. चोरी झाली की सगळे म्हणतात मी नव्हतो. इथं प्रत्येक जण हात पुढं करून उभा होता, आणि चौथी ती स्वतः होती.

३

दुपारी तिनं पडद्याचा एक तुकडा प्रयोगशाळेत नेला.

साहेबरावांची शंका फेडणं सोपं होतं. पॉलिव्हिनाइल ब्युटिराल स्पिरिटमध्ये विरघळतं. साधं पॉलिथिन आठवडाभर ठेवलं तरी विरघळत नाही. पडद्याची चिंधी स्पिरिटमध्ये टाकली, हलवली, चहा पिऊन आली, तर बाटलीत डिंकासारखं दाट पाणी झालेलं. माल खरा होता.

मग कांताबाई. ओल धरलेला पडदा भट्टीत गेला की त्याच्यात बुडबुडे धरतात, दुधाळपणा येतो. तिनं पडदा खिडकीशी धरला. पलीकडं चिंचेची पानं मोजता यावीत इतका तो स्वच्छ होता.

उरला सोडा.

खायचा सोडा भट्टीत तापला की त्याचा धुण्याचा सोडा होतो, आणि त्यानं फिनॉल्फ्थॅलिनचा रंगहीन थेंब गुलाबी होतो. तिनं पडद्याची पट्टी ऊर्ध्वपातित पाण्यात कढवली. थेंब टाकायला हात उचलला आणि थांबली. आपल्याला काय दिसायला हवंय ते आपल्याला ठाऊक आहे, हे तिच्या लक्षात आलं. म्हणून आधी तिनं कारखान्यातून आणलेला न धुतलेला पडदा तापवला, त्याचं पाणी केलं, थेंब टाकला. पाणी गुलाबी झालं. तिच्या पाण्यात, म्हणजे दोन-तीनदा वापरलेल्या पाण्यात धुतलेला आणखी एक तुकडा तिनं आणला होता. तोही तापवून पाहिला. फिकट गुलाबी. अगदी फिकट, पण होतं.

मग भुजंगच्या काचेतला पडदा.

काही नाही. पाण्यासारखं पाणी.

पुन्हा केलं. पुन्हा पाणी.

तिला हसू आलं. एकटीच, त्या स्पिरिटच्या वासात, टेबलाला धरून ती हसली. मी नाही! आणि त्याच क्षणी तिला आपल्या हसण्याची शरम वाटली. एक माणूस मातीत गेला होता आणि तिला हायसं वाटत होतं. शिवाय तो फिकट गुलाबी रंगही बाटलीत तसाच होता. तिचं उत्तर चूकच होतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी काचेत भोवलं असतं.

तिनं साहेबरावांना चिठ्ठी धाडली: आजपासून ताज्या पाण्याशिवाय पडदा धुवू नये, माझा सल्ला चुकीचा होता.

मग ती पुन्हा त्या निर्मळ पाण्याकडं पाहत बसली. भुजंगचा पडदा चांगला धुतलेला होता. ताज्या, भरपूर पाण्यात. ज्यानं धुतला तो मात्र म्हणत होता, मी धुतलाच नाही.

पुंजाराम खोटं बोलत होता. सुटण्यासाठी खोटं बोलणारी माणसं तिनं पाहिली होती. अडकण्यासाठी खोटं बोलणारा हा पहिलाच.

४

संध्याकाळी ती परत पोत्यापाशी बसली. आता तिनं एक साधी गोष्ट केली, जी सकाळीच करायला हवी होती. पडदा उलटा केला.

एका बाजूला काच अजून होती. तडे गेलेली, चुरा झालेली, पण घट्ट. नखानं काय, चिमट्यानंही कण निघेना. ही रस्त्याकडची काच. पडद्याची दुसरी बाजू, गाडीच्या आतली, मात्र उघडी, गुळगुळीत. तिथला तुकडा न् तुकडा सुटून भुजंगच्या अंगावर गेला होता.

काच एकाच बाजूनं सुटली होती.

पुंजारामच्या टाकीत पडदा बुडतो तो दोन्ही बाजूंनी. कांताबाईच्या खोलीत वाळतो तोही दोन्ही बाजूंनी. माल हलका असता तर दोन्हीकडून हलका. म्हणजे पडद्याचा दोषच नव्हता. दोष आतल्या काचेचा होता, आणि तोही तिच्या एकाच अंगाचा.

तिनं आतल्या काचेचा एक तुकडा उचलून बोट फिरवलं. एका अंगाला बोट अडखळत होतं, जसं काचेवर अडखळतं. दुसऱ्या अंगावरून ते सरकन घसरलं. बोटाच्या पेरावर पांढरट भुकटी आली. पाण्यात विरघळेना, आम्लात फसफसेना. अंगठ्याखाली चोळली तर मऊ, साबणासारखी.

शंखजिरं. सायकलच्या ट्यूबा चिकटू नयेत म्हणून पंक्चरवाले लावतात ते. पण काचेच्या कारखान्यात, दोन काचांच्या आत, शंखजिरं कशाला आलं?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भुजंगच्या घरी गेली. घर स्टँडपासून दोन गल्ल्या आत. तुळजाबाई, भुजंगची बायको, भिंतीला टेकून बसली होती. चार वर्षांची कौसल्या अंगणात चुलीची राख उकरत होती.

"पुंजारामभाऊ रोज येतात," तुळजाबाई म्हणाली. "बसतात. बोलत न्हाईत. माझ्यापेक्षा जास्त तेच वाळून गेले. काल म्हनले, वहिनी, माझी चूक झाली, पडदा धुतला न्हाई. म्या म्हनलं, भाऊ, तुमी मुद्दाम थोडीच केलं."

कोनाड्यात काचेचा एक लांबट तुकडा ठेवला होता. लाल अक्षरं, पिवळी कड: कौसल्या.

"पाहू का?"

"पाहा. पन जपून. तेवढंच हाय."

बेबीनंदानं तुकडा उजेडात धरला. एका अंगावर उदबत्तीच्या धुराचा चिकट, तपकिरी थर बसलेला. ते ड्रायव्हरच्या बाजूचं अंग. जीपमध्ये भुजंगची उदबत्ती रोज जळायची. तिनं अक्षरांवर नख फिरवलं. गुळगुळीत. अक्षरं या अंगावर नव्हती. तुकडा उलटा केला. नख अक्षरांच्या कडेला अडकलं.

अक्षरं आतल्या अंगावर होती. दोन काचांच्या मध्ये. जिथं पडद्यानं काचेला धरायचं, तिथं.

"नाव किती ठळक राहिलंय," ती सांभाळून म्हणाली.

"राहनारच की." तुळजाबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा जीव आला. "आधीच्या काचंवरचं धुऊन धुऊन निस्तं 'कौ' उरलं व्हतं. मीच बोलले यांना, पोरीचं नाव पुसून चाल्लं अन् तुमाला काईच न्हाई? तर पुंजारामभाऊ म्हनले, थांबा वहिनी, नव्या काचंत असं लिहितो की जन्मात पुसनार न्हाई."

अंगणातून कौसल्यानं हाक मारली, "आये, माझी काच खाली ठिव ना!"

बेबीनंदानं तुकडा परत कोनाड्यात ठेवला.

६

पुंजाराम कारखान्यात टाकीपाशी बसला होता. अंगात धुतलेला सदरा. दुपारी ठाण्यात जायचं होतं.

"पुंजारामकाका, तुम्ही पडदा चांगला धुतला होता," बेबीनंदा म्हणाली. "मी तपासलंय. नाव कसं टाकलं ते सांगा."

तो टाकीतलं पाणी हातानं ढवळत राहिला.

"तर मी सांगते. कागदावर अक्षरं काढली, कडेनं सुईनं भोकं पाडली. कागद धुतलेल्या काचेला लावून वरून शंखजिऱ्याची पुरचुंडी आपटली, म्हणजे अक्षरांचे ठिपके उमटले. मग रंग भरला. बाकीची भुकटी पुसायची होती. ओलं फडकं लावलं तर रंग फिस्कटला असता, म्हणून तुम्ही कोरड्यानं पुसलं. वरून खालपर्यंत. काच चकचकीत दिसली. पण भुकटी गेली नव्हती. ती साऱ्या काचेवर पसरली होती. त्या बाजूनं पडद्यानं काच धरलीच नाही."

"हळू बोला," पुंजाराम म्हणाला.

"का?"

"हळू बोला म्हनलं ना, ताई!" त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सोड्याचं पाप माझ्या एकट्याचं राहतं. नावाचं झालं तर त्या पोरीला लोकं काय म्हनतील? बापाला तिच्या नावानं मारलं म्हनतील. अन् वहिनी? नाव पुसलं म्हनून त्याच बोलल्या व्हत्या. सारा जन्म ते उरावर घेऊन बसतील. मला जेलात जाऊ द्या. मला बराबर हाय ते. मीच तर केलं."

बेबीनंदानं साऱ्या शक्यता तपासल्या होत्या, ही एक सोडून: की खोटं इतकं मायेचं असेल. क्षणभर तिलाही वाटलं, दोन ओळी लिहून द्याव्यात. सोडा राहिला होता, म्हणून. कुणाचं काय बिघडतं?

आणि मग तिला कळलं, कुणाचं काय बिघडतं ते.

"काका, अशी नावं आणखी किती काचांत टाकली?"

पुंजारामनं मान वर केली. एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाच नव्हता; तो भुजंगपाशीच अडकून बसला होता.

"एक," तो म्हणाला. "सर्जेरावच्या जीपच्या. आष्टीला भाडं नेतो त्यो." तो धडपडत उठला. "आज आष्टीचा बाजार, ताई. आता स्टँडवर मानसं भरून राह्यला असंल."

७

सर्जेरावची जीप खचाखच भरली होती. टपावर कोंबड्यांच्या पाट्या, पुढं ड्रायव्हरशेजारी तीन माणसं. इंजिन चालू होतं. काचेवर वरच्या बाजूला निळ्या अक्षरांत 'चि. दिगंबर'.

पुंजाराम जीपसमोर आडवा उभा राहिला.

"काय रे पुंजाराम, जीव द्यायला माझीच गाडी घावली का?" सर्जेराव हसत ओरडला. "सरक. बाजार उठंल तिकडं."

"काच काढायची हाय."

"उन्हात फिरलास का? नवी काच हाय."

"म्हनूनच. मीच बसवली. खराब हाय ती."

"काय खराब हाय? जरा ओरखडा न्हाई." सर्जेराव खाली उतरला. "माझ्या पोराचं नाव हाय तिच्यात. हात लावू देनार न्हाई मी. सवारी खोळंबलीय, चल."

मागची माणसं ओरडू लागली. एक बाई म्हणाली, "प्यालाय जनू सकाळसकाळ." बेबीनंदा पुढं झाली, तिनं पडदा, भुकटी, चिकटणं असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सर्जेरावनं ते अदबीनं ऐकून घेतलं आणि गाडीत पाय ठेवला.

तिनं पुंजारामकडं पाहिलं. आता त्याच्याशिवाय कुणी ही गाडी थांबवू शकत नव्हतं, आणि थांबवण्याजोगी गोष्ट त्याच्यापाशी एकच होती.

"भुजंगच्या काचंत कौसल्याचं नाव मी असंच टाकलं व्हतं," पुंजाराम मोठ्यानं म्हणाला. साऱ्या स्टँडला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "दोन काचंच्या मधी. त्या नावापायी काच सुटली. त्यानं भुजंग मेला. तुझ्या काचंत बी तसंच हाय, सर्जेराव."

पुढं बसलेली तीन माणसं एकामागून एक खाली उतरली.

सर्जेरावनं सीटखालून जॅकचा दांडा काढला. पोराच्या नावाकडं एकदा पाहिलं. मग बाहेरून, फार जोर न लावता, काचेच्या मध्यावर दांडा हाणला.

बाहेरची काच तडकली आणि जागच्या जागी राहिली. आतली मात्र जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तशी उडाली. सर्जेरावच्या सीटवर, स्टिअरिंगवर, जिथं आत्ता तीन माणसं मांडीला मांडी लावून बसली होती तिथं, काचेचा खच पडला.

दांडा खाली टाकून सर्जेराव पुंजारामला म्हणाला, "माझ्या गाडीतलीबी मानसं मारली असती तू." आणि थोड्या वेळानं, "आलास म्हनून बरं झालं." दोन्ही वाक्यं त्यानं एकाच आवाजात म्हटली.

माणसं पांगू लागली. कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी झपझप गल्लीच्या दिशेनं चालू लागली. भुजंगच्या घराच्या दिशेनं.

"ताई," पुंजाराम म्हणाला, "आधी वहिनीकडं. मंग ठाण्यात, खरं लिहून द्यायला."

"मी सांगू त्यांना?"

"न्हाई. माझ्याच तोंडून ऐकू द्या. तुमी निस्त्या संगं बसा." दोन पावलं चालून तो थबकला. "त्या विचारतील, म्या नावाचं बोलले नसते तर? मंग काय सांगू?"

भुजंगच्या पडद्याचं पाणी निर्मळ निघाल्यावर आपण हसलो होतो, हे बेबीनंदाला त्याला सांगावंसं वाटलं. आणि सांगितलंही, चालता चालता, तुटक शब्दांत. त्यानं चालायचा वेग वाढवला. तिनंही वाढवला. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी त्या म्हातारीला मागं टाकलं आणि तिच्या आधी तुळजाबाईच्या दारात पोचले.